बिनवायरचं बटण

घणसोलीचा आमचा फ्लॅट आम्ही घेतला तेव्हाच जुना होता. बटणं बिल्डरने बसवलेली. कधी काळी पांढरी असावीत, आता तुपासारखी पिवळी पडली होती. बाथरूमच्या दिव्याचं बटण स्वयंपाकघराबाहेर, पंख्याचं दाराच्या मागे, आणि गिझरचं दाबलं की आत फोडणी दिल्यासारखा चर्र आवाज यायचा. एकदा ओल्या हाताने मी ते दाबलं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. नवरा म्हणाला, "बघू." त्याचं बघू म्हणजे काय, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला चांगलं कळतं.

मग तो बाईकवरून पडला, गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन ठरलं. तो दीड-दोन महिने घरी राहणार, वॉकर घेऊन अंधारात बटणं चाचपडणार, हे डोळ्यांसमोर आलं तेव्हा मी त्याला विचारलंच नाही. वायरमन बोलावला. अर्थिंग तपासून घेतलं. गिझरचं बटण ओला हात पोचणार नाही असं बाहेर आणलं. सगळे बोर्ड थोडे खाली घेतले, अंधारात दिसावं म्हणून बटणांना बारीक लाल ठिपका असलेल्या प्लेटी निवडल्या. हॉलसाठी फिक्या राखाडी, बेडरूमसाठी लाकडासारख्या. दुकानात उभं राहून मी प्लेटींचे रंग साडीवर लावून बघत होते तेव्हा दुकानदार हसत होता.

राहिला होता हॉलमधला भिंतीवरचा दिवा. नवऱ्याच्या खुर्चीच्या मागे. त्याचं बटण पार दाराशी. भिंतीला आदल्याच वर्षी महागाचा वॉलपेपर लावलेला, ती फोडायला माझं मन होईना. वायरमन म्हणाला, "मॅडम, बिनवायरचं बटण देतो. दिव्यात एक छोटी डबी बसते, बटण कुठंही चिकटवा. करंटचा प्रश्नच नाही, आतमध्ये घड्याळाचा सेल असतो. तुमच्या सोसायटीत आणखी घरांतही बसवलेत मी."

त्याने ते बटण खुर्चीच्या हाताला चिकटवलं. बिस्किटाएवढं, पांढरंशुभ्र. दाबलं की टक्, आणि मागचा दिवा लागायचा. पुन्हा टक्, बंद. नवरा ऑपरेशननंतर घरी आला तेव्हा पहिला पूर्ण दिवस तेच करत बसला होता.

माझी नोकरी रबाळ्याला, एका कंपनीच्या ऑफिसात. आमची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. अशाच एका शुक्रवारी दुपारी कपडे वाळत घालून आत आले तर नवरा हॉलमध्ये नव्हता. स्वयंपाकघरात स्टुलावर बसला होता, ऑपरेशनचा पाय समोर गॅसच्या टाकीवर ठेवून. घामाघूम.

"इथे काय करतोस?"

"हॉलमध्ये गरम होतं."

स्वयंपाकघरात पंखाही नाही आमच्या. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो माझ्याकडे बघेना.

"रोज दुपारी इथेच बसतोस का?"

"तू जा ना, हॉलमध्ये बस जरा," तो म्हणाला. "मग बोलू."

मी जाऊन त्याच्याच खुर्चीत बसले. मार्च संपत आला होता, बाहेर ऊन रणरणत होतं, खाडीकडून वारा सुटला होता आणि कुठेतरी वर कुणाची तरी खिडकी थडथडत होती. मी भाजी निवडायला घेतली. थोड्या वेळाने माझ्या हातातल्या मेथीवर पिवळा उजेड पडला.

मागे वळून बघितलं. दिवा लागला होता.

बटण माझ्या मनगटाजवळ होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता. मी बघत असतानाच दिवा विझला. मग लागला. मग बराच वेळ तसाच राहिला, जणू कुणी वाट बघतंय, आणि पुन्हा विझला. टक् असा आवाज मात्र एकदाही झाला नाही.

नवरा वॉकर टेकत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता. "रोज होतं," तो म्हणाला. "तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, गोळ्यांमुळे होतंय."

"बटण खराब असेल."

"सेल काढून बघ."

मी बटण उपसलं, मागचं झाकण उघडलं, गोल सेल काढून टीपॉयवर ठेवला. आम्ही दोघं दिव्याकडे बघत थांबलो. वाऱ्याने पडदा आत आला, बाहेर गेला. आणि दिवा लागला.

मांडीवरची मेथी तिथेच टाकून मी उठले आणि बाल्कनीच्या दारापर्यंत गेले. दाराशी गेल्यावर लक्षात आलं की त्याला तसाच वॉकरवर सोडून मी पळाले होते.  घराच्या दाराशी असलेलं दिव्याचं मेन बटण बंद करायला मी जाईना आणि तोही जाईना. शेवटी हाताला रुमाल गुंडाळून मीच गेले. रुमाल का गुंडाळला, ते आजही सांगता येणार नाही.

वायरमन फोनवर म्हणाला, गावाला आलोय, आठवड्याने येतो. त्या आठवड्यात आम्ही तो दिवा बंदच ठेवला. पण संध्याकाळी हॉल भकास दिसायचा. आणि खरं सांगायचं तर, भीतीइतकीच उत्सुकताही होती. एक दिवस कामावरून आल्यावर मी बटणात सेल घातला, मेन चालू केलं आणि बटण हातात घेऊन बाल्कनीत गेले. आत त्या दिव्याकडे पाठ करून बसायचं नव्हतं, एवढंच कारण. कातरवेळ होती. समोरच्या विंगमध्ये अजून दिवे लागायचे होते.

मी बटण दाबलं. मागे आमचा हॉल उजळला आणि त्याच क्षणी समोरच्या विंगमधली एक खिडकी उजळली.

पुन्हा दाबलं. दोन्हीकडे अंधार.

पुन्हा दाबलं. दोन्हीकडे उजेड.  अंगठ्याखाली कुणाचं तरी घर होतं आणि त्या घरातल्या माणसाला माझा पत्ताही नव्हता. तेवढ्यात त्या खिडकीत एक म्हातारी आली. नऊवारी, डोक्यावर पदर. ती बाहेर बघत नव्हती. दिव्याकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने हात जोडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. दार उघडंच होतं.

"कोन हाय?"

"आजी, मी समोरच्या विंगमधली. जरा बोलायचं होतं."

"ये बाय, आतमंदी ये."

आजी इथल्याच तळवली गावच्या. जमीन गेली, घराच्या जागी बिल्डिंग झाली, मुलांनी तिकडे आपापले मजले घेतले आणि आजींना हा फ्लॅट घेऊन दिला. नातू रोज सकाळी डबा आणून देतो. हे सगळं त्यांनी मी काही विचारायच्या आत सांगितलं. भिंतीवर आमच्यासारखाच दिवा होता, बंद. खाली आजोबांचा फोटो. बटण दाराच्या चौकटीवर उंच चिकटवलेलं, त्यावरची प्लॅस्टिकची फिल्मसुद्धा कुणी काढली नव्हती.

"हा दिवा कुणी बसवला आजी?"

"नातवानी. म्हातारा गेला तवापासून मी सांजच्याला दिवाच लावीत नव्हती. अंधारात बसायची. त्यो म्हनला, ह्यो बसवून देतो." मग त्या फोटोकडे बघून आवाज उतरवून म्हणाल्या, "मंग एक दिस आपसूक लागला. सातच्या टायमाला. म्हातारा कामावरनं याच टायमाला यायचा. मना वाटला, त्योच आला."

मी सांगू की नको, हा विचार करायला मला वेळच मिळाला नाही. पर्समधून बटण काढलं आणि त्यांच्यासमोर दाबलं. त्यांचा दिवा लागला. आजींनी दिव्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"मंग त्यो तू हायस," त्या म्हणाल्या.

"वायरमनने दोन्हीकडे एकाच नंबरची बटणं बसवली असणार आजी. मी इकडे दाबलं की तुमच्याकडे लागतो. आणि दुपारी तुम्ही दाबता तेव्हा आमच्याकडे. आम्ही किती घाबरलो सांगू."

आजी माझ्या हातातल्या बटणाकडे बघत राहिल्या. त्यांना वाईट वाटलं असणार, असं समजून मी उठायला लागले, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता.

"बाय, मी त्या बटनाला हात नाय लावत. करंट लागल म्हनून. दुपारची मी हितंच पडलेली असते. लागतो, इझतो, लागतो. दुपारचा कोन हाय?"

जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर मी बंद दारांकडे बघत होते.

खाली वॉचमनला विचारलं, आणखी कुणाकडे असे दिवे बसवलेत का. तो आधी नाही म्हणाला. मग खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाला, "मॅडम, तुमच्या वर, सहाव्या मजल्यावर एक फ्लॅट बंद असतो. खाडीच्या बाजूचा. तिथं लाईट लागते. मी कमिटीला सांगितलं होतं. ते म्हणाले, मीटर त्यांचं आहे, जळू दे. मी काय वर गेलो नाही."

चावी एका इस्टेट एजंटकडे होती. पुढच्या शुक्रवारी दुपारी तो आला, वॉचमन आला, मी होते. आजीही आल्या. येऊ नका म्हटलं तरी आल्या. नवऱ्याला जिन्याची भीती, लिफ्टने आला.

दार उघडलं तेव्हा नव्या प्लायवूडचा वास आला. घर पूर्ण सजवलेलं होतं. सोफा प्लॅस्टिकमध्ये, डायनिंग टेबलाच्या पायांना पुठ्ठे. सगळ्या बोर्डांना सुरेख काळ्या काचेच्या प्लेटी. मला हव्या होत्या, परवडल्या नव्हत्या, त्या. दाराशी एक बायकी आणि एक पुरुषी अशा नव्या चपलांच्या दोन जोड्या. स्टिकरही निघाले नव्हते. सगळ्यावर एकसारखी धूळ.

"एका जोडप्याने करून घेतलं," एजंट म्हणाला. "राहायला आलेच नाहीत. का ते मला माहीत नाही. मेन्टेनन्स वेळेवर येतो."

बेडरूममध्ये खिडकीची एक काच सरकून उघडी राहिली होती. खाडीचा वारा आला की बेडरूमचं दार हळूहळू फिरायचं आणि हँडल मागच्या भिंतीवर आपटायचं. बरोबर तिथे, हँडलच्या उंचीवर, ते बिस्किटाएवढं पांढरं बटण होतं. आम्ही उभे असतानाच दार गेलं. टक्. पलंगामागच्या भिंतीवरचा दिवा लागला. दार परत आलं, थोडं थांबलं, पुन्हा गेलं. टक्.

"वाराच की," आजी म्हणाल्या. पण त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण प्लॅस्टिकखालच्या त्या गादीवर पडलेल्या उजेडावरून माझी नजर हटेना. रोज संध्याकाळी मी कामावरून येते, बटण दाबते, नवऱ्याला चहा देते. त्याच वेळी आमच्या डोक्यावर, या खोलीत, कुणीच नसताना दिवा लागत होता. मी झोपायला जाताना तो विझवत होते. इतके दिवस त्या घरात मी राहत होते म्हणा ना.

एजंटने त्या बटणाचा सेल काढून खिशात टाकला, खिडकी लावली. दिव्यातली डबी काढू दे म्हटलं तर म्हणाला, मालकाच्या परवानगीशिवाय नको.

वायरमन आला तेव्हा कबूल झाला, पाकिटातली सगळी बटणं कंपनीतूनच एका नंबरवर आली होती, प्रत्येक घरासाठी तो नंबर वेगळा करायचा असतो, तो त्याने केला नव्हता. "आता बदलून देतो," म्हणाला. मी आजींना विचारायला गेले.

"राव दे," आजी म्हणाल्या.

"अहो पण आता तुम्हाला माहीत आहे, मी लावते ते."

"म्हाईत हाय. तरी राव दे."

मग काहीच बदललं नाही. नवऱ्याला ते फारसं पसंत नव्हतं. "वर त्या रिकाम्या घरात पण लागतो रोज," तो म्हणायचा. "कुणासाठी लावतो आपण?" पण दुपारी तो पुन्हा हॉलमध्ये बसायला लागला.

मे महिन्यात मी बहिणीकडे उरणला गेले, दोन दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी साडेआठच्या सुमाराला नवऱ्याचा फोन आला. तो मोबाईलवर मॅच बघत बसला होता, हॉलमधला दिवा लावायचं विसरला होता, तेवढ्यात बेल वाजली. दारात आजी.

"काय म्हणाल्या?"

"'आज दिवा नाय लावला?' एवढंच. अंधारात बसल्या होत्या तोवर. घरात दुसरे दिवे आहेत ना त्यांच्याकडे?"

"आहेत. मग?"

"मग मी लावला."

"गेल्या त्या?"

"नाही ना." त्याने आवाज खाली आणला. "इथे बसल्यात. मी म्हटलं, आता तुमच्याकडे लागला असेल, जा. तर म्हणतात, मी घरात असताना लागला तं ठीक, पन घरात कोन नाय आनि दिवा लागलेला, मी एकटी कशी जाऊ?"

फोनवर मला आमच्या हॉलमधल्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मी त्याला म्हटलं, त्यांना चहा दे आणि काठी घेऊन हळूहळू सोबत जा. तो गेला. पाऊण तासाने त्याचा परत फोन आला. म्हणाला, दार मीच उघडलं, आधी मीच आत गेलो. दिवा लागलेला होता. आजी बाहेर उभ्या होत्या. 'आत मी आहे,' असं मी म्हटल्यावर आत आल्या.