जागचा न हलणारा पलंग

आमच्या घरात ट्रेलरचा विषय निघाला तेव्हा मी एकच अट घातली. त्यात पलंग हवा, आणि तो दिवसरात्र पलंगच राहायला हवा. दिवसा टेबल आणि रात्री पलंग, दिवसा सोफा आणि रात्री पलंग, भिंतीतून ओढायचा पलंग, छतावरून खाली उतरवायचा पलंग, असलं काही मला चालणार नव्हतं. "म्हणजे गाडीला जोडून गावभर फिरवायचं घर घ्यायचं, आणि त्यातला पलंग तेवढा जागचा हलता कामा नये?" नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, हो, अगदी असंच.

याला कारण होतं. मी नाशिकला दोन खोल्यांत वाढले. घरात एकच दिवाण, तो वडिलांचा. बाकीच्यांनी खाली झोपायचं. रात्रीची जेवणं झाली की फरशी पुसायची, ती वाळेपर्यंत पेंगत बसायचं, मग सतरंज्या, गाद्या, उशा. सकाळी कोणी दारात यायच्या आत ते सगळं गुंडाळून दिवाणाखाली कोंबायचं. हे काम घरातल्या मुलींचं. अंगात ताप असला तरी गादी पसरलेली ठेवायची सोय नव्हती, कारण कोणी आलं तर बसणार कुठे? अमेरिकेत आले तेव्हा वाटलं, या कटकटीतून तरी सुटले.

सुटले कसली! सिएटलजवळ बॉथेलला आमचं दोन बेडरूमचं टाउनहाउस आहे. एका बेडरूममध्ये नवऱ्याचं ऑफिस आहे आणि तिथल्या वायरींना ब्रह्मदेवानेही हात लावायचा नाही. उरली एक. आणि आपल्या लोकांत पाहुणा आला की पलंग त्याचा, हे कोणाला सांगावंही लागत नाही. कोणाच्या मुलाला इथल्या कॉलेजात ॲडमिशन मिळते, कोणाची बदली होते, कोणी नुसतंच सिएटल बघायला येतं, आणि आम्ही दोघं हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर. त्यात दर वर्षा-दोन वर्षांनी नागपूरहून सासूबाई येतात त्या सहा महिन्यांसाठी. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून बाथरूम जोडून असलेली आमची खोली त्यांना. यात त्यांचा काडीचा दोष नाही. पण त्या सोफ्याच्या पोटात एक लोखंडी दांडी आहे आणि तिची माझ्या कमरेशी फार जुनी ओळख आहे.

त्यात भर म्हणजे सासूबाई पहाटे उठून पांघरुणाची काटकोनात घडी घालतात, उशीवर उशी रचतात, आणि पलंग असा करून ठेवतात की रात्री तिथे कोणी झोपलं होतं यावर विश्वास बसू नये. मी त्या वेळी हॉलमध्ये सोफा मिटवायला त्याच्याशी झोंबत असते. मला ती घडी म्हणजे टोमणाच वाटायचा.

तर पन्नाशीच्या उंबरठ्यावर माझी या देशाकडून एवढीच अपेक्षा उरली होती. एक पलंग, माझा. रात्री घालायचा नाही आणि सकाळी उचलायचा नाही.

नवऱ्याची अपेक्षा वेगळी होती. तो सॉफ्टवेअरमधला माणूस, त्याला एका वस्तूने एकच काम केलेलं बघवत नाही. पावसाळी हिवाळा त्याने ट्रेलरचे व्हिडिओ बघण्यात घालवला आणि एप्रिलमध्ये मला रेडमंडला त्याच्या एका सहकाऱ्याचा जुना ट्रेलर दाखवायला घेऊन गेला. आत समोरासमोर दोन बाकडी आणि मधे टेबल. "बघ हं," म्हणून त्याने टेबलाचा पाय काढला, फळी खाली बसवली, बाकांच्या पाठीच्या गाद्या मधे सरकवल्या. एक गादी उरली. ती बसवली तर दुसरी उरली. सहकाऱ्याने मदत केली, तेव्हा दोन उरल्या. शेवटी काहीतरी सपाट तयार झालं.

"दोन मिनिटांचं काम आहे यार," नवरा घाम पुसत म्हणाला. "आणि दिवसा केवढी स्पेस मिळते! फिक्स्ड बेड म्हणजे नुसती जागा वेस्ट."

"मग तो पलंग तूच घालणार आणि तूच काढणार?"

"अगं, दोन मिनिटं तर लागतात."

याचा अर्थ मी घालणार आणि मीच काढणार. मी बाहेर येऊन गाडीत बसले.

त्यानंतर कायम पलंग असलेल्या ट्रेलरांचा शोध सुरू झाला. पलंग जागचा हलत नसला म्हणजे झालं, असं मला वाटत होतं, पण त्यातही प्रकार असतात. एकात पलंग कोपऱ्यात घट्ट बसवलेला होता, तीन बाजूंना भिंती. भिंतीकडच्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून जायचं. नवऱ्याला ओलांडायला माझी हरकत नव्हती, मी त्याला अनेक बाबतींत ओलांडून इथवर आले आहे. पण तो मला ओलांडणार म्हणजे माझ्या पोटावर गुडघा येणार हे ठरलेलं. दुसऱ्या एका ट्रेलरचा पलंग इतका सुंदर होता की माझं मन त्यावर जडलं. नवरा मात्र व्हिडिओत शिकल्याप्रमाणे कोपरे दाबत हिंडत होता. खिडकीखालची भिंत त्याने अंगठ्याने दाबली आणि ती ढोकळ्यासारखी आत गेली. आत वर्षानुवर्षांचं पावसाचं पाणी मुरलं होतं. विकणाऱ्याने ताबडतोब त्यावर कॅलेंडर टांगलं.

मे महिन्यात सासूबाई आल्या. आम्ही पुन्हा सोफ्यावर. त्याच आठवड्यात एव्हरेटच्या पुढे राहणाऱ्या एका निवृत्त जोडप्याची जाहिरात दिसली. पुढच्या भागात कायमचा पलंग, दोन्ही बाजूंनी उतरता येणारा, आणि मागच्या भागात तीच ती बाकडी आणि टेबल. शनिवारी निघालो तर सासूबाई साडी बदलून तयार. "मी पण येते. घर घेताय तर बघायला नको?"

वाटेत नवऱ्याने आम्हाला पढवलं. भाव पाडायचा आहे, तेव्हा कोणीही काहीही छान म्हणायचं नाही. आईने तर चेहऱ्यावर आनंदसुद्धा दाखवायचा नाही. तो स्वतः आधी टायर बघणार, मग सुस्कारा सोडणार.

त्या जोडप्याच्या अंगणात ट्रेलर धुऊनपुसून उभा होता. नवऱ्याने टायर पाहून सुस्कारा सोडला. सासूबाईंनी पायरीशी चपला काढल्या. ते पाहून मालकीणबाईंनी बूट काढले, त्यांच्या यजमानांनी काढले, मग आम्हीही काढले. नवऱ्याचा एक मोजा फाटका होता. भाव पाडायला आलेल्या माणसाचं वजन तिथेच निम्मं झालं.

आणि मग मी तो पलंग पाहिला. दोन्ही बाजूंना खिडक्या, उशाशी दिवा, आणि पांघरूण तसंच अंथरलेलं. कोणी उचललं नव्हतं, कारण उचलायची गरजच नव्हती. माझा चेहरा मी कसा कोरडा ठेवला ते मलाच ठाऊक.

"आडवं होऊन बघा ना," मालकीणबाई सासूबाईंना म्हणाल्या. मी भाषांतर केलं.

"जरा पाठ टेकते," सासूबाई म्हणाल्या आणि नेहमीप्रमाणे डाव्या कुशीवर वळल्या. घरून निघताना आम्ही पोळीभाजी, वरणभात, वर दही असं व्यवस्थित जेवूनच निघालो होतो. दुपारची वेळ, खिडकीतून वारा. बाहेर आम्ही चौघं ट्रेलरच्या गॅसच्या टाकीभोवती उभे असताना आतून घोरण्याचा आवाज आला.

आता पंचाईत अशी, की झोपलेल्या वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे उठवत नाहीत. उठवायचं कोणी, हा प्रश्न मी नवऱ्याकडे डोळ्यांनी टाकला आणि त्याने तो डोळ्यांनीच परत केला. मालकीणबाईंना तर हे फारच आवडलं. त्यांनी झाडाखाली खुर्च्या मांडल्या, लेमनेड आणलं. नवऱ्याने दोनदा घसा खाकरून छपराविषयी शंका काढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा आतून घोरणं असं काही वर चढलं की त्याला थांबावं लागलं. ज्या वस्तूत आपली आई सुखाने घोरते आहे, त्या वस्तूला नावं ठेवायची कशी? सासूबाई उठून, पांघरुणाची काटकोनात घडी घालून बाहेर आल्या तेव्हा नवरा मुकाट्याने पहिल्या आकड्याला हो म्हणून बसला होता.

"काय झोप लागली म्हणून सांगू!" सासूबाई गाडीत बसल्यावर म्हणाल्या. "इतकी छान झोप मला तुमच्या घरी पण नाही लागत."

 मी मागच्या सीटवर बसल्या बसल्या सगळं समजून चुकले. पलंग गेला. अजून कागदांवर सह्या व्हायच्या होत्या आणि पलंग गेलासुद्धा. आता त्या ट्रिपला येणार, गुडघे दुखणारच, आणि टेबलाच्या बाकड्यांवर, उरलेल्या गाद्यांशी झटत, मी.  घरी आल्यावर माझं तोंड बघून नवरा हळूच म्हणाला, "अगं, आई ऑक्टोबरला परत जाईल. नंतर तुझाच आहे." माझं डोकंच फिरलं. पाहुण्यांनंतर, मेल्यानंतर, सगळं माझंच आहे. मी भांडी इतक्या जोरात घासली की एका कपाचा कान गेला. मला रडू येत होतं, आणि एवढ्या मोठ्या बाईला गादीसाठी रडू येतं याची लाजही वाटत होती.

जुलैमध्ये पहिली ट्रिप निघाली, डोंगरापलीकडच्या एका तळ्यावर. ट्रेलर ठरलेल्या जागेत मागे घेताना नवऱ्याच्या नाकी नऊ आले. त्याने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे पळायचा. आजूबाजूचे कॅम्पर खुर्च्या वळवून बघायला बसले. शेवटी सासूबाई मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि नागपूरच्या गल्लीत ट्रक लावून घ्यावा तशा ओरडू लागल्या, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे... बस्स!" ट्रेलर बरोबर जागेवर बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणं आटोपली. उजेड अजून होता, इथे उन्हाळ्यात तो लवकर जात नाही. नवरा तळ्याकाठी खुर्ची टाकून बसला होता. मी मुकाट्याने टेबलाचा पाय काढला, फळी खाली बसवली आणि गाद्या सरकवू लागले. एक उरली.

"हे काय चाललंय?" सासूबाई पलंगाच्या कडेवर बसून गुडघ्यांना तेल लावत होत्या.

"आमचं अंथरूण घालतेय, आई."

"आणि इथे?"

"तिथे तुम्ही. तुम्हाला झोप छान लागते ना त्याच्यावर."

माझा आवाज हवा तेवढा गोड निघाला नसावा.  त्यांनी तेलाची बाटली बंद केली, हात पुसले.

"मी लग्न होऊन आले ना," त्या म्हणाल्या, "तर आमचं अंथरूण स्वयंपाकघरात होतं. सगळे निजल्याशिवाय घालायचं नाही, कोणी उठायच्या आत काढायचं. सासऱ्यांना पाचला चहा लागायचा, आणि स्टोव्ह माझ्या उशाशी. पन्नास वर्षं झाली, पण अजून पाचला दचकून जाग येते. तुझ्या घरी पण. वाटतं, कोणी येईल, आणि आपण अजून पसरलेलेच. म्हणून पटकन घडी घालून टाकते बाई."

मी हातातली उरलेली गादी घेऊन तशीच उभी राहिले. इतकी वर्षं ती घडी मी मनाला लावून घेत होते, आणि तिचा माझ्याशी संबंधच नव्हता. माझे डोळे भरून आले. ते त्यांना दिसले असावेत, कारण त्या एकदम खिडकीकडे वळल्या आणि बाहेर ओरडल्या, "ए, इकडे ये रे!"

नवरा आत आला.

"हे तुझं अंथरूण," सासूबाईंनी बाकड्यांकडे बोट दाखवलं. "मी आणि ही इथे झोपतो."

"अगं आई, माझी पाठ... आणि हे नीट जॉइन पण नाही झालंय, मधे गॅप आहे."

"दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं.

"तूच म्हणत होतास ना?" सासूबाईंनी त्याला विचारलं. त्या दोन मिनिटांवरून मी घरी नवऱ्याशी भांडले होते हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. टाउनहाउसच्या भिंती पातळ असतात.

सकाळी मला जाग आली तेव्हा ऊन खिडकीवर आलं होतं. शेजारी सासूबाई टक्क जाग्या, छताकडे बघत पडलेल्या. मी सवयीने उठू लागले तर त्यांनी माझा हात धरला.

"पडून राहा," त्या कुजबुजल्या. "बघू तरी, आपण नाही उठलो तर काय होतं."

तर असं झालं. पलंगापुढे ओढलेल्या पडद्यापलीकडे गादी आपटल्याचा आवाज आला, मग टेबलाचा पाय पडल्याचा. मग दुसरी गादी. मग कोणीतरी स्वतःशीच काहीतरी इंग्रजी बोललं. बऱ्याच वेळाने दोन कप हातात घेऊन नवरा पडद्याशी आला. केस उभे, एक हात कमरेवर.

"चहा कुठे ठेवू? टेबल होत नाहीये."

"इथेच दे," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही उशांना टेकून चहा घेतला. नंतर तळ्यावर जाऊन आलो, दुपारचं जेवण झालं, आणि त्या पुन्हा डाव्या कुशीवर वळल्या. पांघरुणं सकाळपासून जशीच्या तशी विस्कटलेली पडली होती. घडी घालायला त्या दिवशी दोघींपैकी कोणीही हात लावला नाही.