आवडीचा डावा कान

कर्जतच्या जिजाबाईला लोक जरा वचकूनच असत. ती भांडखोर नव्हती. पण विचारलं की खरं सांगायची. नवऱ्याबरोबर ती ख्रिस्ती झाली, तेव्हा माहेरच्यांनी संबंध तोडले. नवरा वारला, वर्षं लोटली, आणि कशेळ्याच्या धाकट्या बहिणीनं, भागूबाईनं, हळूहळू पुन्हा येणंजाणं सुरू केलं.

भागूबाईच्या मुलीला, आवडीला, नेरळकडचं स्थळ आलं. पोर देखणी, कामाला वाघ. पण लहानपणी देवी आल्या आणि डाव्या कानाचं ऐकू येणं गेलं ते गेलंच.

"आक्का, तुला इचारतील. तू खोटं बोलत नायस हे समद्यांना ठावं हाय," भागूबाई म्हणाली. "तेवढं गप ऱ्हा गं."

"मी आपनहून काय बोलनार नाय. पन इचारलं तर लपवनार नाय, हे आत्ताच सांगते. येशूचं नाव घ्यायचं नि जिभा दोन ठेवायच्या, हे मला जमायचं नाय."

भागूबाई फणकारून आत गेली. आवडी मात्र दाराआडून सगळं ऐकत होती. ती मावशीजवळ येऊन बसली.

"मावशे, सासरी कुनी डावीकडनं हाक मारली नि मी वळले नाय, तर म्हनतील, सून माजोरी हाय. त्यापरीस आदीच कळू दे."

"मग तूच सांग. मी शेजारी बसते."

पाहुणे आले. मुलाची आई गौराबाई जिजाकडे वळली. "तुमच्या शब्दावर आमचा भरवसा हाय. पोरीत काय खोट?"

जिजानं आवडीकडे पाहिलं. पोर उठून उभी राहिली. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाय," ती म्हणाली.

गौराबाईनं जिजाला विचारलं, "खरं?"

"खरं," जिजा म्हणाली. "नि पोर मनाची सरळ हाय, तेही तितकंच खरं."

"इचार करून सांगू," म्हणत पाहुणे उठले.

"माज्या पोरीचं वाटोळं केलंस!" भागूबाईनं बहिणीवर तोंड टाकलं. जिजा कर्जतला परतली. पण पुढल्या बाजारच्या दिवशी ती पुन्हा कशेळ्याला गेली, त्याच्या पुढल्याही. भागूबाई पाठ फिरवायची. जिजा आवडीशी दोन शब्द बोलून, बहिणीसाठी मनात प्रार्थना करीत परत फिरायची.

अखेर गौराबाईचा निरोप आला. थोरल्या सुनेच्या माहेरच्यांनी तिचं फेफरं लपवलं होतं. त्यापायी घरात कुणाचा कुणावर विश्वास उरला नव्हता. "भरल्या बैठकीत आपली खोट सांगनारी पोर आमाला पायजे," असं गौराबाईनं कळवलं होतं.

लग्नाचं आवतण घेऊन भागूबाई स्वतः कर्जतला आली.

"आक्का, मला लई भ्या वाटलं गं. म्हनून वाटेल ते बोलले."

"मलाबी वाटलं व्हतं," जिजा म्हणाली. "पोरीचं लगीन मोडलं असतं, तर तुला तोंड कसं दाखवलं असतं, माजं मला ठावं."

भागूबाईनं डोळे पुसले आणि दोघी लग्नाच्या कामांचं बोलू लागल्या.