काळ्या नखाचा दुकानदार

माझ्या मायला वाचता येत नाय, आन् त्याच्यामुळंच आमचे पैसे परत आले. हे मी ज्याला सांगते तो आधी हसतो. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू, नायतर मी मधूनच कुठूनतरी सुरू करते आन् ऐकणाऱ्याला काय बी कळत नाय.

तर आमची मेंढरं हायत, साठ-पासष्ट. पिशोरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आमची वस्ती. पाच घरं, पाची भाऊबंदांची, सगळे मेंढरंवाले. मी तिकडं नसते, मी शहरात कॉलेजला, क्रांती चौकाच्या मागं दोघी मैत्रिणींसंगं खोली करून राहते. मेंढरं वर्षातून दोनदा कातरावी लागतात. पहिले लोकर घ्यायला माणसं दारात यायची म्हणं. आता फुकट देतो म्हटलं तरी कोणी नेत नाय, पण कातरल्याशिवाय भागत पण नाय, उन्हानं मेंढी बेजार होती, गोचीड होतात. आन् कातरणारा माणूस मेंढीमागं पैसे घेतो, वर सोमवारी येतो म्हणतो आन् पुढच्या गुरुवारी उगवतो.

मशीन घेऊ, ही कल्पना मायची. मीच तिला एक व्हिडिओ दाखवला होता, एक माणूस मशीननं मेंढी अशी सोलतो जशी आपण हरभऱ्याचा घाटा सोलतो. मायनं तो व्हिडिओ चारदा बघितला, आन् मंग पाची घरच्या बायांकडं गेली. बाप्यांकडं नाय, बायांकडं. खुरपणीच्या मजुरीतले, अंडी विकलेले, असे ज्याच्या त्याच्याकडं बाजूला ठेवलेले पैसे. मोठी माय, म्हंजी दादांची (वडलांना आम्ही दादा म्हणतो) मोठी भावजय, ती लई बोलली. आज मशीन म्हणती, उद्या मेंढरांना पावडर लावू म्हणशील. पण दिले तिनं. प्रत्येकी बाराशे, पाच जणींचे मिळून सहा हजार, आन् सगळे मायच्या शब्दावर. आमच्या वस्तीत बाईच्या शब्दावर असं काय गोळा झालेलं मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

पुढचं काम माझं. आन् माझं कसंय, मी घाईची. रील दिसली, मशीन दिसली, खाली लिहिलेलं की सगळे पैसे आधी पाठवले तर सूट आन् फक्त आजच्या दिवस. पाठवले. पाच मिनिटं पण नाय लागली.

खोकं आलं तव्हा मी मुद्दाम गावी गेलेले. पाची घरं जमली. मायनं विळ्यानं चिकटपट्टी कापली. आत एवढीशी मशीन, हाताच्या पंजाएवढी, आन् खोक्यावर कुत्र्याचं चित्र. पांढरं, झुपकेदार, लाडाचं कुत्रं. माय म्हणली, बघू तर चालवून. एका मेंढीला पायात दाबून तिनं मशीन लावली. दोन बोटं लोकर निघाली, आन् मंग ती मशीन लोकरीत अशी फसली की निघंचना. मेंढी बिथरली आन् सुटली. पाठीवर मशीन लटकलेली, घर्रर्र चालूच, मागं वस्तीतली सगळी लेकरं. सगळे हसले, माय पण हसली. पण मोठी माय हसायची थांबलीच नाय. दुसऱ्या दिवशी नळावर तिनं मायला नावच पाडलं, मशीनवाली.

इकडं मी त्या दुकानदाराला मेसेज सुरू केले. मी टाइप करायला लागले की मैत्रिणी म्हणतात पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतं. आधी नम्रपणे लिहिलं, मंग कडक, मंग हिंदीत, मंग इंग्रजीत मोठ्या अक्षरांत. पहिल्या दिवशी त्याचं एक उत्तर आलं, ओके मॅम, चेक करके बताता हूँ. त्याच्यानंतर काय बी नाय. मी फोटो पाठवले, मशीनचे, खोक्याचे, त्या कुत्र्याचे, मेंढीच्या पाठीचा पण. मेसेज पोचायचे, वाचलेले दिसायचे, उत्तर नाय. फोन उचलायचा नाय. आठव्या दिवशी त्यानं मला ब्लॉक केलं. मैत्रिणीच्या नंबरवरून लिहिलं, तिला पण ब्लॉक. ग्राहकांच्या तक्रारीसाठी फोन नंबर असतो, तिथं लावला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, नंबर पण दिला. पण पेजवरचा पत्ताच खोटा, तर ते तरी कोणाला धरणार.

माय रोज संध्याकाळी फोन करायची. जेवली का, काय जेवली, खोकला गेला का. पैशाचं शेवटी, फोन ठेवता ठेवता, एकच वाक्य. त्याचं काय म्हणणं हाय? मी म्हणायची, चालू हाय. तूच बटण दाबलं, असं ती एकदाबी म्हणली नाय. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, खरंच.

महिना गेला. मंग एक दिवस दादांनी सांगितलं, की मायनं बायांना शब्द दिलाय. कातरणीच्या आत पैसे नाय आले तर ती तिची स्वतःची मेंढरं विकून ज्याचे त्याचे परत करणार. तिची स्वतःची म्हंजी माहेराहून आलेल्या मेंढीच्या वंशातली, तीनच हायत, त्यांना दादापण हात लावत नायत. त्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी गावाकडं.

माय कापणी झालेल्या वावरात मेंढरं घेऊन बसलेली. बांधावर तिच्याजवळ बसले आन् मोबाईल काढून सगळं वाचून दाखवायला लागले, मी काय लिहिलं, कव्हा लिहिलं, त्यानं कव्हा बघितलं. तिनं थोडं ऐकलं आन् म्हणली, "ते लिहिलेलं ऱ्हाऊ दे. फोटो दाव."

मला ब्लॉक केलेलं, म्हणून मायजवळ असलेल्या दादांच्या मोबाईलवरून ते पेज उघडलं. आता मायचं एक सांगते, तेव्हाच कळंल. ती मेंढी तोंडावरून ओळखती. साठच्या साठ. आपल्याला सगळ्या सारख्या दिसतात, तिला दोन सारख्या दिसत नायत. मी लहान असताना आमचं एक कोकरू हरवलेलं. वर्षानं खुलताबादच्या बाजारात दुसऱ्याच्या कळपात शंभरातून तिनं ते ओळखलं, चांगली मोठी मेंढी झालेली तव्हा ती. त्या माणसानं कान धरून बघितला तर आमच्या घरची खूण. बिचाऱ्यानं लगेच दिली, त्यानं पण कोणाकडून तरी विकतच घेतलेली.

तर तशी ती त्या फोटोंकडं बघायली. एकेक फोटो, बोटानं मोठा करून, निवांत. मी आपली सांगायली, हे बघ इथं साठा मर्यादित लिहिलंय, इथं साडेचार स्टार हायत. तिचं लक्षच नाय. म्हणली, अशी आणखी दुकानं दाव. मी शोधून शोधून दाखवत गेले, असलंच सामान विकणारी पेजं, कितीतरी. मंग एका ठिकाणी तिनं माझा हात धरला. "थांब. मागं जा. हा त्योच हाय."

दुकानाचं नाव वेगळं, रंग वेगळे, नंबर वेगळा. फवारणीचे पंप विकणारं पेज. मी म्हटलं कशावरून. तिनं बोट ठेवलं. पंप धरलेला हात दिसत होता फक्त, आन् त्याच्या अंगठ्याचं नख अर्धं काळं, आन् अंगठा पेरापासून थोडा बाहेरच्या बाजूला वळलेला. परत मशीनवाल्या दुकानात गेलो. तोच अंगठा. ते फोटो मी शंभरदा बघितले होते. त्याच्यावर लिहिलेलं सगळं मला पाठ होतं, किंमत, सूट, स्टार, सगळं. हात मला एकदाबी दिसला नव्हता.

तासाभरात आम्ही चार दुकानं काढली. एक मशीनचं, एक पंपाचं, एक मिक्सरचं, आन् एक चक्क साड्यांचं. साडीचा पदर धरलेला, आन् पदराखाली ते नख. चारी ठिकाणी खाली लोक विचारत होते, माल कसा हाय, ते पण मी तिला वाचून दाखवलं. मला इतकं भारी वाटलं की मी लगेच टाइप करायला घेतलं. मायनं मोबाईल काढून घेतला. म्हणली तू आत्ता काय लिहू नको.

पंपाच्या दुकानाला तिनं व्हिडिओ कॉल लावायला सांगितला, दादांच्याच मोबाईलवरून. त्यानं एका रिंगमध्ये उचलला. महिनाभर माझा फोन न उचलणारा माणूस, एका रिंगमध्ये. मायचं हिंदी बाजारातलं, बकरं विकता विकता शिकलेलं. तिनं पंपाचं सगळं विचारलं, टाकी केवढी, बॅटरी किती वेळ, नळी किती लांब. तो गोड बोलत होता, ताई ताई करत पंप फिरवून फिरवून दाखवत होता. चेहरापण दिसला, माझ्या मामेभावासारखा साधाच माणूस. मी बाजूला, त्याला दिसणार नाय अशी बसलेले. मंग मायनं अगदी काळजीनं विचारलं, "भैया, नाखून को क्या लगा?"

तो म्हणला शटरमध्ये सापडलं.

"हौ? वो मेंढी के मशीन के फोटू में बी ऐसाच था."

त्यानं फोन कट केला. परत लावला, उचलला नाय. मी म्हटलं गेलं सगळं, आता हा चारी पेजं बंद करतो. माय म्हणली, एवढी दुकानं मांडलेला माणूस अशी उठवत नसतो. मंग तिनं विचारलं, बोललेलं पाठवता येतं ना. मी बटण दाबून धरलं आन् ती बोलली. हे मी अजून जपून ठेवलंय, त्यामुळं जसंच्या तसं देते.

"भैया, मैं पिशोर साइड की, मेंढीवाली. तुम्हारे चार दुकान हैं, चारों में तुम्हारा अंगूठा है. उधर नीचे लोगां पूछ रहे, माल कैसा है. मेरी पोरगी लई जोर से लिखती. उसको मैं झूठ लिखने नहीं बोलूँगी. जो हुआ वोइच लिखेगी, सबको लिखेगी. पाँच औरतां का पैसा है. देख लो."

चारी नंबरांवर पाठवलं. आवाज चढवला नाय, पोलिसांचं नाव काढलं नाय, शिवी नाय. माझे महिनाभराचे सगळे मेसेज एकत्र केले तरी त्याच्यात एवढं नव्हतं.

मंग ती उठली आन् मेंढरं पाण्यावर न्यायला लागली. मी मागून, दोन्ही मोबाईल हातात. मेंढरं पाणी प्यायली, वर चढली, तेवढ्यात दादांच्या मोबाईलवर मेसेज. कोड भेजो, म्हंजी पैसे टाकायचा क्यूआर कोड. मी पाठवला, घाईत दोनदा चुकीचा फोटो गेला. दहा मिनिटांत माझ्या खात्यात सहा हजार, पूर्ण. मागून अजून एक मेसेज, बहनजी, किसी को कुछ लिखना मत.

मी मायला विचारलं, मंग आता गप बसायचं का. ती म्हणली, "मी गप बसू असं कुठं म्हणले? कोणी इचारलं तर खरं सांग. न इचारता नको."

तर चारी पेजांवर जे जे विचारत होते त्यांना मी खरं सांगितलं. बावीस जण होते. तक्रार नोंदवलेली तिथं पण चारी दुकानांची नावं कळवली. दोन दिवसांनी सगळीकडून ब्लॉक झाले, ते झालेच.

सोमवारी पिशोरला जाऊन पैसे काढले आन् माय घरोघर द्यायला निघाली. मी पण संगं. तिघी बायांनी घेतले. मोठी माय दारात गहू निवडत बसलेली. ती म्हणली राहू दे तुझ्याकडंच, दुसरी मशीन बघायचीच हाय ना. मला वाटलं झालं, जिंकलो. पण माय ऐकंना. आधी हातात घे म्हणली, एकदा तुझे तुला पोचले की मंग मला परत मागता येतील. मोठ्या मायनं तिच्याकडं बघितलं, सुपातले हात झटकले, पैसे घेतले, कमरेच्या पिशवीत ठेवले. आन् मंग तिथंच, पिशवीचं तोंड न बांधता, परत काढून मायच्या हातात दिले. बाकीच्या तिघींनी पण रात्रीच्या आत आणून दिले.

पुढच्या आठवड्यात पिकअपमध्ये एक मेंढी घालून माय आन् मोठी माय दोघी शहरात आल्या. मशीनचं दुकान मी आधीच शोधून ठेवलेलं, ह्यावेळी स्वतः जाऊन, मशीन हातात धरून. मालक मेंढी बघून दचकला, पण माणूस चांगला, दुकानाबाहेर वायर काढून दिली. मोठ्या मायनं मेंढी धरली, मायनं मशीन चालवली. रस्त्यावरचे लोक थांबून बघायले, रिक्षावाले पण. लोकर चादरीसारखी एका तुकड्यात खाली आली. मायनं पातं बंद करून बघितलं, गरम किती झालं ते गालाला लावून बघितलं, मंग मान हलवली.

मालक पावती लिहायला बसला. नाव कोणाचं टाकू, म्हणून त्यानं मोठ्या मायकडं बघितलं, ती वयानं मोठी दिसती म्हणून. मोठी माय मेंढीच्या अंगावरचे राहिलेले केस उपटत होती. वर न बघताच म्हणली, "तिचं टाका. आमच्या पाची घरांसाठी घेणारी तीच हाय."