मोठ्या चाकांची पिकअप

"चाकं मोठी केली की खड्डे लहान होतात," असं तो एकदा म्हणाला होता.

एवढं लांब वाक्य नवऱ्याच्या तोंडून ऐकून तिला हसू आलं होतं. पिकअपच्या अड्ड्यावर त्याला सगळे 'सायलेन्सर' म्हणत. इतकी वर्षं संसार झाला, पण त्याचं प्रेम तिला कधी ऐकू आलं नव्हतं. ते शोधावं लागे. चहाच्या कपाशेजारी काढून ठेवलेल्या गोळीत, उन्हात वाळत घातलेल्या तिच्या पायमोज्यांत.

तिच्या मणक्याची हाडं ठिसूळ झाली होती. दर आठवड्याला टेकडीवरच्या इस्पितळात जावं लागे, आणि रस्ता म्हणजे नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला ती ओठ चावे, तो स्टिअरिंग आवळी. शेवटी एकदा परतताना त्याने गाडी टायरवाल्याकडे वळवली.

टायरवाल्याने कपाळाला हात लावला. "काका, पोराच्या पायात बापाचे बूट घालताय. इंजिन केवढं, चाक केवढं! सपाटीला पळेल, चढावर जीव जाईल तिचा."

"बसव," तो म्हणाला.

"काकू, तुम्ही तरी सांगा यांना."

"मी काय सांगू बाबा? यांच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोलावं. भिंतीत निदान आवाज घुमतो."

चाकं बसली. मग त्याने तिच्या सीटवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि बाजाररस्त्याला एक चक्कर मारून आला. पूर्वी त्या रस्त्यावर पेल्यात थेंब उरला नसता. आज निम्मं पाणी शिल्लक होतं. पेला तिच्यापुढे धरताना त्याचा चेहरा पोरासारखा फुलला होता. तिने ते पाणी पिऊन टाकलं.

पण बाजाररस्त्याला चढ नव्हता.

रिकामी पिकअप मागून उसळते, म्हणून इस्पितळाला जाताना तो मागे थोड्या फरशा टाकी. वजन असलं की धक्के कमी. पुढच्या खेपेला त्याने त्या जरा जास्तच टाकल्या, तिच्याचसाठी. टेकडीच्या वळणावर इंजिन धापा टाकू लागलं. त्याने पहिला गिअर टाकला. चाकं पुढे सरकेनात. इंजिन घरघरलं, बंद पडलं, आणि गाडी उतारावर मागे सरकू लागली. त्याने जीव खाऊन ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. पिकअप थांबली, पण अशा हिसक्याने की तिच्या पाठीत काहीतरी मोडलं. तो आवाज फक्त तिलाच आतून ऐकू आला असणार. तरी त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

डॉक्टर म्हणाले, आता प्रवास बंद. त्यांची लेक इस्पितळामागच्याच गल्लीत राहत होती. तिच्या घरी आतल्या खोलीत खिडकीशी आईचा पलंग लागला.

"बाबा, तुम्हीही इथेच राहा," लेक म्हणाली. "बाहेर गादी घालते. तिकडे एकटे काय वासे मोजत बसणार?"

तो पलंगापाशी उभा होता. कूस बदलताना ती कण्हली. त्याने डोळे मिटून घेतले.

"अहो, माझा तुमच्यावर राग नाही," ती म्हणाली. "खरंच नाही. राहा ना. तुम्ही समोर असलात की झोप लागते मला."

बोलून झाल्यावर तिला कळलं, राग असता तर तो राहिला असता. खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं असतं त्याने. ही माफी मात्र त्याला सोसवत नव्हती.

तिची उशी सारखी करायला त्याचा हात पुढे आला आणि वाटेतच थांबला. लावू की नको. मग त्याने तो मागे घेतला, दाराशी चपला पायात सरकवल्या आणि एकटाच घरी जायला बाहेर पडला.