बोगस म्हटलेलं कार्ड

खामगावात कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांच्या आजूबाजूला राहणाऱ्या लोकांना वस्तू झाकण्याचं वेडच असतं. हंगाम सुरू झाला की रुईचे तंतू घरभर उडतात. मग टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर. पुष्पांजली घरी बसून लग्नांच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायची, आणि तिच्या कामाचं कौतुक गावाला असो नसो, तिच्या आईला, विमलबाईंना फार होतं. त्यांनी लेकीच्या कॉम्प्युटरच्या डब्याला जुन्या साडीचं झालर लावलेलं कव्हर शिवलं. बटण तेवढं उघडं ठेवलं.

त्या वर्षी पुष्पांजलीनं व्हिडिओचं काम झपाट्यानं व्हावं म्हणून कय्यूमभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून नवं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. थोडा वेळ काम झरझर चाललं आणि मग नवरदेवाची वरात पडद्यावर चिखलात रुतल्यागत अडकायला लागली. तिनं ड्रायव्हर पुन्हा टाकला, सेटिंग बदलून पाहिली, वायर काढून घातली. काडीचा फरक नाही. याच्यापेक्षा जुनं कार्ड बरं होतं.

तो खरीप बोगस बियाण्यांनी गाजत होता. अळी लागत नाही असं बीटी बियाणं म्हणून घेतलेल्या कपाशीची बोंडं अळीनं पोखरली, म्हणून कृषी केंद्रांपुढं रोज आरडाओरडा चालायचा. तो शब्द साऱ्या तालुक्याच्या जिभेवर बसला होता. एसटी उशिरा आली तरी बोगस, चहा पातळ झाला तरी बोगस. पुष्पांजलीही तणतणत गेली आणि भरल्या दुकानात म्हणाली, "कय्यूमभाई, बोगस माल देऊन राह्यले का तुमी?"

कय्यूमभाईंचा चेहरा उतरला. बीबी गावाहून कॉम्प्युटर घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक काही न घेताच पायऱ्या उतरून गेलं.

"असं नोका म्हणू, ताई," ते एवढंच म्हणाले. "दुसरं घेऊन जा."

दुसरंही तसंच रडायला लागलं, तेव्हा मात्र तिनं दोष घरातच शोधायला घेतला. तिनं कार्डाचं तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडला. आकडा चढत गेला, आणि पार वर पोचल्यावर कामाचा वेग ढासळला. वाकून हात लावला, तर आईचं कव्हर तव्यासारखं तापलेलं. जुनं कार्ड कमी तापायचं, म्हणून कव्हराखाली निभायचं; आपण जळू नये म्हणून हे नवं कार्ड बिचारं दमानं घेत होतं. तिनं कव्हर ओढून काढलं. पंख्याला हवा मिळाली आणि वरात धावायला लागली.

खरं तर आनंद व्हायला हवा होता. वाटली ती लाज, कान गरम करणारी. रोज त्या डब्याशेजारी बसणाऱ्या बाईला एवढं कळू नये? आणि न कळता तोंड मात्र केवढं सुटलं!

"काऊन काढलं वं?" विमलबाईंनी विचारलं.

"मशीन तापते, आई," ती म्हणाली, पण तिला आईच्या तोंडाकडे पाहवेना.

कोणी नसताना हळूच माफी मागायची, असा बेत करून ती दुकानात गेली. काय ती हिंमत! ओरडायला गर्दी चालली होती, माफीला मात्र एकांत हवा होता. पण काउंटरपाशी एक माणूस उभाच होता.

"चांगलं हाये ना पण?" तो कय्यूमभाईंना विचारत होता. "तुमचा माल बोगस निघते म्हणतात."

"नाही निघत," पुष्पांजली मधेच बोलली.

त्यानं वळून पाहिलं. "तुमाले काय मालूम, ताई? आमच्या बीबीत सारे सांगून राह्यले. एका बाईनं भर दुकानात याईच्या तोंडावर म्हटलं म्हणे."

कय्यूमभाई खाली मान घालून वायर गुंडाळत बसले. त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं नाही, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

"ते बाई मीच," ती म्हणाली. "कार्ड चांगलं होतं. चूक माही होती."

माणसानं तिच्याकडे पाहिलं, मग कय्यूमभाईंकडे, आणि तो हसला.

"बरी शिकवून उभी केली हो बाई," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला.