कापड मोजायचं सोडून

जुन्या जालन्यात माझ्या कापडाच्या दुकानात एक सिनेमावाला येऊन बसतो. स्वतःच्या हिमतीवर तीन सिनेमे काढले, एकबी टॉकीजला लागला न्हाई. काहीबी विचारा, "बघू, काका," म्हणतो.

मागं म्हणला, "काका, तुम्ही फक्त कापड मोजा." मी नवा सदरा घालून ऐटीत मोजलं. मंग कॅमेरा तसाच चालू ताग्यांवर ठेवून तो चहा प्यायला गेला.

परवा केदारखेड्याच्या शाळेत पडदा बांधून त्यानं सिनेमा दाखवला. त्यात मी एकटाच गल्ल्यावर बसून दाराकडं पाहून राह्यलो. बराच वेळ.

"मोजणं कुठं गेलं रे?"

"हेच बराबर आलंय, काका."

येताना बायकोनं विचारलं, "कोणाची वाट पाहून राह्यल्ते हो?"

"गिऱ्हाइकाची," म्हणलो. पण पडद्यावरचा तो माणूस गिऱ्हाइकाची वाट पाहणारा वाटत न्हवता.