हवालदार आणि दोन लामा

हवालदारांचा हात आधी चालायचा, तोंड मागून. मी कुरणावर कामाला लागलो त्याच सकाळी त्यांनी माझ्या कानाखाली जाळ काढला आणि मग सांगितलं, "नराकडं पाठ करायची न्हाई."

नर म्हणजे लामा. उंटाचाच भाऊबंद, पण बिनवशिंडाचा आणि लोकरीचा. आखातातल्या रास अल खैमाच्या डोंगराखाली आमच्या वस्तीतल्या घरांच्या शेळ्या एकाच सामाईक कुरणात असतात. त्या हिवाळ्यात तिथे सहा लामा उतरले होते, डोंगर चढणाऱ्या लोकांचे तंबू आणि पाणी वाहायला. दोन नर, एक काळा, एक पांढरा, आणि चार माद्या. हवालदार माणदेशातले धनगर. पोलिसात कधी नव्हते, आवाजामुळे नाव पडलेलं.

माझी शाळा सातवीत सुटली, पण भीती सुटली नाही. अरबाबची, म्हणजे मालकाची, व्हिसाची, जनावरांची. लामा तोंडावर थुंकला की मी बादली टाकून पळायचो. हवालदार म्हणत, "थुंकतंय तवर बरं हाय. गप झालं की पळ." चुकलो की मारायचे आणि त्याच हाताने खुबूस, म्हणजे तिथली रोटी, मोडून पुढे करायचे.

दोन्ही नर वेगवेगळ्या कुंपणात. मधलं गेट हवालदार स्वतः तारेने बांधत. नर गेटला नाक लावून दिवसभर हुंकारत राहायचे. मला वाटे, भाऊ भावासाठी झुरतोय. आखातात तीन वर्षं काढून घर न पाहिलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? एका शुक्रवारी हवालदार अंघोळीला गेले आणि मी तार सोडली.

भेटले कसले! किंचाळत एकमेकांच्या पायांवर तुटून पडले. माना पिळल्या, कान फाटले, पांढरी लोकर लाल झाली. मी मूर्खासारखा मध्ये शिरलो. काळ्याने छातीने मला पाडलं आणि अंगावर बसला. श्वासच येईना. एवढ्यात हवालदार ओल्या लुंगीवर धावत आले. काळ्याची मान काखेत धरून त्यांनी त्याला माझ्यावरून उपसला. पांढऱ्याने त्यांचा गुडघा दातात धरला. हाड वाजलं ते मी ऐकलं. काळ्याचा पाय मोडला होता. त्याला मारावं लागलं.

अरबाब आला. "गेट किसने खोला?"

मी खाली पडलेली तार पायाखाली दाबली.

"मैं खोला," हवालदार म्हणाले.

"खलास," अरबाब म्हणाला.

आठ दिवसांनी त्यांना विमानतळावर न्यायला गाडी आली. पायाला प्लास्टर. मी पाय धरले. "हवालदार, सांगतो त्याला. आत्ता सांगतो."

"गप, येड्या. आता बोललास तर दोघं जाऊ." त्यांनी मला एक गुद्दा घातला, पण हळू. "ऊन चढलंय. शेरडांना पाणी दाखव."

गाडी वळली. मी कुरणात गेलो आणि शेळ्यांना पाणी दाखवलं.